‘हात उठला’ म्हणायचं नाही : नवऱ्यांच्या बैठकीचा रिव्ह्यू, बायकोकडून

पाचपैकी साडेतीन स्टार.

आधीच सांगून ठेवते, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांच्या ज्या बैठकीबद्दल लिहिते आहे तिच्यात मी एकदाही बसलेली नाही. बायांना आत घेतच नाहीत. चोवीस बैठका माझा नवरा तिथं जाऊन बसला. पण खानावळीचा रिव्ह्यू जेवणाऱ्यानं लिहावा आणि या बैठकीचा घरी असणारीनं, असं माझं मत आहे. यांना विचाराल तर पाच स्टार देतील. तिसऱ्याच आठवड्यात द्यायला निघाले होते. ‘मी तं सुधरलो बाप्पा आता’ म्हणत त्या सांजेला मला स्वतः चहा करून दिला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, साखर किती लागते ते विचारावं लागलं.

संस्थेचं नाव टाकत नाही. तालुका लहान आहे. बाहेर कोणाची फटफटी उभी आहे एवढ्यावरून इथं लोक अख्खी कहाणी रचतात. वर्धा जिल्हा, नदीच्या बाजूचा तालुका, एवढं पुरे. जिला खरंच गरज आहे तिनं आपल्या भागातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे (घरगुती हिंसाचाराच्या कायद्यानं नेमलेला असतो) विचारावं. मलाही तिथूनच कळलं.

तर काय आहे हे? बायकोवर हात टाकणाऱ्या, तिला कोंडून ठेवणाऱ्या, तिची मजुरी काढून घेणाऱ्या पुरुषांनी आठवड्यातून एकदा दोन तास एकत्र बसायचं. शाळेची एक खोली घेतली आहे. एक सर आणि एक ताई मिळून चालवतात. बाईमाणूस समोर बसून प्रश्न विचारते, हेच पहिल्या दिवशी निम्म्यांना जड गेलं म्हणे. फी बैठकीला पन्नास रुपये, आणि ती बायकोच्या पैशातून भरायची नाही असं नियमांच्या कागदावर छापलेलं आहे. छापायची वेळ आली याचा अर्थ काय ते बायांना सांगायला नको. आत खर्रा (सुपारी-तंबाखूचा) चालत नाही, चहा मिळतो.

बैठक ठेवतात बाजाराच्या दिवशी. ही गोष्ट ज्याच्या डोक्यात आली त्याची बायको सुखी असावी. बाजाराला गेलेल्या माणसाला गावात कोणी विचारत नाही की कुठं गेला होता, थैलीत आलू-वांगे दिसले की झालं. आमचे हे दर आठवड्याला नेमानं भाजी आणायला लागले. पहिल्या दिवशी सगळी वांगी किडकी निघाली, कारण यांना निवडून घ्यायची असतात हेच माहीत नव्हतं.

(नवऱ्याला मी इथं ‘हे’च म्हणते आहे. वेगळं काही म्हणायची सवय नाही.)

इथवर कसे आलो ते थोडक्यात. २०२३ च्या मे महिन्यात माझं डावं मनगट मोडलं. दवाखान्यात मी ‘न्हाणीत पाय घसरला’ म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे पाहिलं आणि प्लास्टर घातलं. मी माहेरी गेले. गावातल्या समितीनं दोघांना बोलावून समजूत घातली, म्हणजे यांना ‘दारू कमी कर’ आणि मला ‘तोंड कमी कर’. तंटा मिटला अशी वहीत नोंदही झाली असेल. सतरा दिवसांनी पुन्हा तेच. मग भाऊ मला संरक्षण अधिकारी मॅडमकडे घेऊन गेला.

मला वाटायचं कायदा फक्त मारासाठी असतो. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, त्याचा फॉर्म भरताना मॅडम विचारत गेल्या. शिव्या देतात? माहेरी बोलू देत नाहीत? वेचणीची मजुरी स्वतःकडे ठेवतात? नको असताना जवळ येतात? मी हो म्हणत गेले. भाऊ शेजारी बसला होता, शेवटच्या प्रश्नाला तो उठून बाहेर पाणी प्यायला गेला.

कोर्टानं संरक्षणाचा आदेश दिला आणि यांना समुपदेशनाला जायला सांगितलं. तसं सांगायचा अधिकार कोर्टाला कलम १४ नं आहे. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वकिलानं हे यांना समजावून सांगितलं तेव्हा मी समोरच होते. म्हणून स्पष्ट लिहिते, यांचा हात थांबवला तो या कागदानं. बैठक सुरू व्हायच्या आधीच थांबला होता. कोणतीही संस्था म्हणाली की आमच्याकडे आला आणि मारणं बंद झालं, तर आधी तारखा विचारा. बैठकीनं काय केलं ती वेगळी गोष्ट आहे, तिच्याकडे येते.

त्याआधी एक चांगली बाब. नवराबायकोला एका खोलीत बसवत नाहीत. मी हे दुसरीकडे भोगलं आहे. एका ठिकाणी आम्हाला जोडीनं बसवून ‘बोला ताई, मोकळेपणानं बोला’ म्हटलं होतं, आणि टेबलाखाली यांचा बूट माझ्या पायाला टेकलेला होता. मी बोलले. त्याची किंमत परतीच्या बसमधून उतरल्यावर मोजली. इथल्या ताईंनी पहिल्या भेटीतच सांगितलं की घरात भीती आहे तोवर जोडीनं बसायचं नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला आजवर कोणी सांगितली नव्हती. या कायद्याचे २००६ चे नियम आहेत, त्यांत लिहिलं आहे की समुपदेशनात नवऱ्याला ‘मी मारलं कारण’ असं समर्थन मांडताच येणार नाही, आणि हे त्याला सुरुवात करायच्या आधी सांगायचं. म्हणजे ‘तिनं उलटून उत्तर दिलं म्हणून’ हे वाक्य दाराबाहेर चपलेसोबत ठेवून यायचं.

आता दारू. आमच्या जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. हसू नका. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, तिथं दुकानं उघडी. ज्याला नदी ओलांडायचा कंटाळा त्याला मोहाची गावातच मिळते. तर यांना वाटलं होतं की हा दारू सोडवायचा कॅम्प आहे, औषध देतील, माळ घालतील आणि प्रश्न मिटेल. सासूबाईंनाही तेच वाटत होतं. ‘पोरगं गुणाचं आहे, दारूनं वाया गेलं’ हे त्यांचं पालुपद. मला विचाराल तर न पिता मारलेलं जास्त नेमकं बसतं.

दुसऱ्या बैठकीत यांनी सरांना तेच ऐकवलं. तिथं काय झालं ते यांनीच घरी येऊन सांगितलं, जरा चिडूनच.

‘दारू पेल्यावर काई समजत नाई जी सर.’

‘बरं. पेल्यावर पोलीस पाटलाले कधी मारलं काय?’

‘नाई.’

‘सोसायटीच्या सचिवाले?’

‘नाई जी.’

‘रस्त्यानं घरी येता येता लोकं भेटतच असतीन?’

‘गंज भेटते.’

‘त्यातल्या एकालेही नाई मारलं. घरी येईपर्यंत हात सांभाळून आणला. म्हणजे पेल्यावरही तुमाले बराबर समजते, कोणाले मारायचं ते.’

दारूचा उपचार वेगळा करा, तो हवाच, पण इथं दारूबद्दल बोलायचं नाही असं सरांनी ठरवून दिलं. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.

सर आमच्याच भागातले आहेत, बोलीत बोलतात, आणि हा या सेवेचा मोठा गुण आहे. आपल्या बोलीत एक सोय आहे ना? ‘मी केलं’ म्हणायच्या ऐवजी ‘केल्या गेलं’ म्हणता येतं. ग्लास फुटल्या गेला, चुकाऱ्याचे पैसे उडवल्या गेले, बायकोले मारल्या गेलं. करणारा माणूस वाक्यात कुठंच सापडत नाही. सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली होती: ‘भांडण झालं. हात उठला. मारल्या गेलं.’ आणि विचारलं, याच्यात माणूस कुठं आहे दाखवा. एक जण म्हणाला, ‘रागात हात उठतेच सर.’ तर सर म्हणाले, ‘तुमचा हात झोपला असते काय, आपोआप उठाले?’ सगळे हसले म्हणे. मग नियम लागला की या खोलीत प्रत्येक वाक्य ‘मी’पासून सुरू होईल. ज्याचं होणार नाही त्यानं ते पुन्हा बोलायचं.

सांगताना हे पण हसत होते. मला हसू आलं नाही. मला आठवलं की मनगट मोडलं त्या रात्री मी सुद्धा भावाला फोनवर ‘भांडण झालं’ एवढंच म्हटलं होतं.

मग बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, चाक. बायकोला कशाकशानं धाकात ठेवतात ते दाखवणारा हा तक्ता मुळात अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ शहरात १९८४ साली मार खाल्लेल्या बायांच्या सांगण्यावरून तयार झाला, असं ताईंनी मला नंतर सांगितलं. डुलुथमध्ये बंडी असेल असं वाटत नाही, पण आमच्याकडे सरांनी फळ्यावर बंडीचंच चाक काढलं. मधला तुंबा म्हणजे ‘या घरात माझंच चालेल’. तुंब्यातून आठ आरे निघतात. धाकात ठेवणं, घालूनपाडून बोलणं, माणसांपासून तोडणं, ‘एवढं काय झालं’ म्हणून उडवून लावणं, पोरांना मध्ये घालणं, पुरुषपणाचा तोरा, पैसा मुठीत ठेवणं, धमकी देऊन हवं ते करायला लावणं. आणि वरून बसवलेली लोखंडी धाव म्हणजे अंगावर हात टाकणं, जबरदस्ती. गावाला आवाज धावेचा ऐकू येतो. पण चाक उभं असतं ते आऱ्यांवर. घरपाठ म्हणून हे चाक घरी काढून आपण कोणता आरा कधी वापरला ते लिहायचं होतं. यांनी अंगणात खडूनं काढलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं हे काय, यांनी समजावून सांगितलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘तुह्या बापाच्या चाकाले नऊ आरे होते.’ आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. नववा कोणता ते मी अजून विचारलेलं नाही.

सरांनी मुंबईतल्या ‘मावा’चंही नाव यांना सांगितलं होतं. ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’, १९९३ पासून काम करणारी पुरुषांचीच संघटना. हे घरी येऊन म्हणाले मुंबईत मावा आहे, तर मला वाटलं खर्रा सोडून मावा धरला की काय.

आता वहीबद्दल. प्रत्येकाला एक शंभर पानी वही देतात. ज्या दिवशी सगळ्यात जास्त मारलं त्या दिवसातली दहा मिनिटं लिहून काढायची, पुन्हा पुन्हा. ती वही बायकोनं वाचायची नसते. मी वाचली. हे वावरात गेले होते, वही गादीखाली होती, वाचली.

पहिल्या पानावर होतं: ‘मे महिन्यात भांडण झालं. हात उठला. तिले लागलं.’ खाली लाल पेननं: ‘पुन्हा लिहा. दार कुठं होतं? पोरगी कुठं होती? तुम्ही कुठं होते?’ दोनतीन पानं सोडून: ‘मी मारलं. माझं डोकं तापलं होतं.’ लाल पेन: ‘डोकं रोज वावरातही तापतं. पुन्हा.’ सहाव्या वेळचं असं होतं: ‘मी आधी दार लावलं कारण शेजारची बुढी वसरीवर बसली होती. मग कोपऱ्यातली तुतारी घेतली. ती चुलीपाशी होती. मी डोक्यावर मारत होतो, तिनं हात मध्ये आणला म्हणून हातावर बसली. पोरगी खाटेवर होती. डोळे मिटून होती पण जागी होती. मले माईत होतं का ती जागी आहे.’

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी. टोकाला आर असते.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले होते की रागाच्या भरात यांना काही दिसत नाही. यांना शेजारची बुढी दिसली होती. दार लावलं होतं. मी वही होती तशी ठेवली आणि त्या रात्री पोरीजवळ झोपले. पुढे किती दिवस तिथंच झोपले. ही सेवा घेऊन घरात गोडीगुलाबी येईल असं कोणी समजत असेल तर तसं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर आधी अंतर वाढलं. पण साडेतीनपैकी दोन स्टार मी त्या सहाव्या पानाला देते. ‘तिले लागलं’पासून तिथवर या माणसाला आणायला अडीच महिने कोणीतरी लाल पेन घेऊन बसलं होतं, आणि कोणी वकील, समिती, सोयरा ते करू शकला नव्हता.

राहिलेला दीड स्टार फोनवाल्या ताईंचा. बैठक चालवणाऱ्या ताई वेगळ्या, या वेगळ्या. त्यांचं काम फक्त बायांशी बोलायचं, पंधरा दिवसांनी एकदा. फोन आला की ‘बचत गटाचा हप्ता भरला का?’ असं विचारायच्या. मी ‘भरला’ म्हटलं की ठीक, ‘थकला’ म्हटलं की ठीक नाही. (आता ते शब्द बदलले आहेत म्हणून लिहिते.) माझी कागदपत्रं, म्हणजे आधार, पोरीचा जन्मदाखला, कोर्टाच्या आदेशाची झेरॉक्स, पासबुक आणि पाचशे रुपये, एका पिशवीत घालून दुसऱ्याच्या घरी ठेवायला त्यांनीच सांगितलं. रात्रीबेरात्री ११२, आणि बोलायचं असेल तर १८१, हे नंबर पोरीच्या पाढ्यांच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवायला लावले. मी एकदा म्हटलं, माझ्याच नशिबी हे आलं. तर म्हणाल्या, २०१९ ते २१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात अठरा ते एकोणपन्नास वयाच्या लग्न झालेल्या बायांपैकी २९.३ टक्के बायांनी नवऱ्याची हिंसा सांगितली. हा आकडा सांगणाऱ्यांचा, म्हणाल्या, सोसणाऱ्यांचा नाही. कोणी अनोळखी बाई तेव्हा माझ्या दारात कागद घेऊन आली असती तर मीही ‘न्हाणीत पाय घसरला’च म्हटलं असतं.

आणि आता कापलेले स्टार.

एक पूर्ण स्टार डिसेंबरातल्या एका रात्रीचा. मी ताईंना सांगितलं होतं की माझ्या मोबाइलचं रिचार्ज संपलं की हे मुद्दाम आठ-आठ दिवस करत नाहीत, म्हणजे माहेरी बोलणं होऊ नये. हे सरांपर्यंत पोचलं, आणि पुढच्या बैठकीत सरांनी उदाहरण म्हणून नेमकं रिचार्जचंच सांगितलं. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. हे घरी आले, थैली रिकामी केली, टमाटे एकेक करून टोपलीत ठेवले आणि म्हणाले, ‘रिचार्जचं कोणाले सांगितलं वं?’

मारलं नाही. आवाजही चढवला नाही. दारात खुर्ची टाकून बसले. मला बाहेर जायचं होतं, संडास अंगणात आहे. ‘जा ना’ म्हणाले. उठले नाहीत. अकरा वाजेपर्यंत तसेच बसून होते. मी आत उभी.

सकाळी मी स्वतःच फोन लावून ‘हप्ता थकला’ म्हटलं. दुपारच्या बसनं ताई आल्या, सोबत आणखी एक बाई. सरांनी नंतर फोनवर माफी मागितली, आणि एक सांगते, ‘चूक झाली’ नाही म्हणाले, ‘मी चूक केली’ म्हणाले. तेव्हापासून बायकोनं सांगितलेलं काहीही तिच्या होकाराशिवाय खोलीत काढायचं नाही असा नियम केला आहे. चांगलं आहे. पण हा नियम पहिल्या दिवशी असायला हवा होता, माझ्या दारावर शिकायला नको होता. म्हणून स्टार परत देत नाही.

अर्धा स्टार बाकीच्या गोष्टींचा. डोकं तापायला लागलं की ‘मी अर्ध्या तासानं येतो’ असं सांगून बाहेर पडायचं, पिऊन यायचं नाही, आणि परत येऊन बोलणं पुरं करायचं, असं शिकवतात. त्याला टाइम-आऊट म्हणतात. आमच्याकडे सोसायटीच्या कर्जाचा विषय काढला की टाइम-आऊट. पोरीच्या फीचा काढला की टाइम-आऊट. राग नाही, काही नाही, चप्पल घालून ठेल्यावर. दोन आठवडे मी कर्जाचा आकडा ऐकू शकले नाही. आधी आवाज चढवून विषय बंद करायचे, आता शिस्तीत बंद करायला लागले. ताईंना सांगितलं, या वेळी माझ्या होकारानं विषय निघाला, आणि मग यांना परतायची वेळ सांगून जायला लावलं, आल्यावर अडलेलं बोलणं यांनीच सुरू करायचं. तेव्हा कुठं आकडा कळला. तो ऐकून मलाच टाइम-आऊट लागला.

शिकवलेल्या शब्दांचंही तसंच. एकदा भाजी गरम केली नाही तर म्हणाले, ‘तू माह्यावर मानसिक हिंसा करून राह्यली.’ हे सगळ्याच बायांच्या नशिबी येणार आहे, तयार राहा. कापसाच्या ऐन वेचणीत तीन आठवडे बैठकच बंद ठेवली, माणसं येत नाहीत म्हणून. अहो, घरात पैसा येतो तेव्हाच तर भांडणं पेटतात. नेमकी तेव्हाच सुट्टी? चौदा जण सुरुवातीला होते, शेवटी सहा उरले. सोडून गेलेल्यांच्या बायांना ताई अजून फोन करतात, हे मात्र करतात.

आणि ते शाल-नारळ. शेवटच्या दिवशी छोटा कार्यक्रम ठेवला, घरच्यांना बोलावलं. मी बसनं गेले, माझं तिकीट अर्धं, यांचं पूर्ण, त्यावरून यांनी रस्ताभर गंमत केली. तिथं सहाही जणांना शाल आणि नारळ देऊन फोटो काढले. टाळ्या झाल्या. आम्ही बाया मागच्या बाकावर. माझ्या शेजारी एक होती, तिचा समोरचा दात अर्धा तुटलेला. ती टाळ्या वाजवत होती आणि माझ्याकडे बघत होती. मनगट माझं मोडलं, दात तिचा, नारळ यांना. नंतर मी ताईंना हे बोलून दाखवलं. पुढच्या वेळी करणार नाही म्हणाल्या. एक गोष्ट मात्र जपून केली आहे, पत्रावर ‘सुधारणा झाली’ असं लिहीत नाहीत, फक्त किती बैठकांना हजर होता ते लिहितात. यांच्या वकिलाला ते आवडलं नाही.

आता घरात काय आहे? मारलं नाही, संरक्षणाचा आदेश आला तेव्हापासून. तोंड अधूनमधून सुटतं, आणि अबोला तर आठवडाभर चालतो, त्यावर बैठकीनं काही केलेलं दिसत नाही. २०२४-२५ च्या हंगामात कापूस विकला तेव्हा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता, आमच्या मालात ओलावा निघाला म्हणून तेवढा मिळाला नाही. पण जिनिंगवरून आल्यावर यांनी काटापट्टी माझ्यासमोर ठेवली. काही बोलले नाहीत. मी वजन वाचलं, भाव वाचला, गुणाकार करून पाहिला. बरोबर होता. अकरा वर्षांत ती पट्टी मी पहिल्यांदा पाहिली. तिच्या मागच्या बाजूला पोरीनं आता मोर काढला आहे.

पोरगी यांच्या फटफटीचा आवाज आला की टीव्ही बंद करायची. अजूनही करते. पण आता कधीकधी विसरते.

माझी पिशवी अजून दुसऱ्याच्या घरीच आहे. ताईंनी विचारलं होतं, आणायची का? मी म्हटलं, राहू द्या. कोणाच्या नवऱ्यानं चोवीस बैठका केल्या म्हणून तिनं आपली पिशवी आणावीच असं मी म्हणणार नाही. आणि जिनं सोडून जायचं ठरवलं आहे तिनं ही बैठक संपायची वाट पाहू नये. यांनी सहावं पान लिहिलं ते मी परत आले होते म्हणून नाही, कोर्टाची तारीख होती म्हणून.

पाठवावं का? पाठवावं, जर ते बायकोशी वेगळं बोलत असतील तर. हा एकच प्रश्न आधी विचारा: बायकोला कोण फोन करतं, आणि ती सांगते ते कोणाला कळतं? याचं नीट उत्तर नसेल तर ती बैठक म्हणजे पुरुषांचा चहा आहे.

पुढची तुकडी पोळा झाल्यावर सुरू होते. बाजाराच्या दिवशी, दुपारी दोनला. परतीची शेवटची बस साडेपाचला असते, ती चुकली तर काळीपिवळी. आमच्या गल्लीतल्या एकीनं परवा हळूच नंबर मागितला. म्हणाली, ‘सरांचा दे वं, यांच्या हाती लावते.’ मी तिला आधी ताईंचा दिला.